अपघाताचा नट : अशोककुमार यांच्या घडणीचा शोध

हिंदी चित्रपटाच्या इतिहासात काही कथा इतक्यांदा सांगितल्या गेल्या आहेत, की त्या तपासून पाहण्याची गरज कुणाला वाटत नाही. अशोककुमार नट कसे झाले, ही त्यांपैकी एक. बॉम्बे टॉकीजच्या 'जीवन नैया'चे चित्रीकरण सुरू असताना नायक नजमुल हसन आणि नायिका देविकाराणी कलकत्त्याला निघून गेले. देविकाराणी म्हणजे कंपनीचे मालक हिमांशू राय यांच्या पत्नी. शशधर मुखर्जींनी मध्यस्थी करून त्यांना परत आणले. नजमुल हसनची मात्र गच्छंती झाली. नवा नायक हवा होता. रायसाहेबांनी प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एका संकोची तरुणाकडे बोट दाखवले. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन यांना या तरुणाचा चेहरा पसंत नव्हता असे सांगतात, पण मालकाचा शब्द चालला. कुमुदलाल गांगुलीचा अशोककुमार झाला.

कथा खरी आहे. तिच्यातून जो निष्कर्ष काढला जातो तो मला मान्य नाही. अशोककुमार अपघाताने पडद्यावर आले, म्हणून त्यांचा सहज अभिनयही आपोआप, जन्मजात आला असावा, असे आपण मानत आलो. स्वतः अशोककुमारही पुढे मुलाखतींतून हा किस्सा मिस्कीलपणे रंगवून सांगत. 'मला नट व्हायचेच नव्हते' असे म्हणणाऱ्या माणसाला मग कुणी विचारत नाही, की तू शिकलास काय आणि शिकवले कुणी? प्रस्तुत लेखाचा विषय हाच प्रश्न आहे. त्याचे एक उत्तर मराठी रंगभूमीपाशी येऊन पोहोचते, आणि मराठीत लिहिणाऱ्याने ते सांगायला हवे.

मालाडची कार्यशाळा

अशोककुमार यांचा जन्म 13 ऑक्टोबर 1911चा, भागलपूरचा. बालपण खांडव्यात गेले. वडील वकील, मुलानेही वकील व्हावे ही घरची इच्छा. ती बाजूला ठेवून हा मुलगा मुंबईला मेहुण्याकडे आला. मेहुणा म्हणजे शशधर मुखर्जी, बॉम्बे टॉकीजमध्ये नोकरीला.

बॉम्बे टॉकीज म्हणजे काय होते, हे इथे लक्षात घ्यायला हवे. 1934 साली मालाडला उभी राहिलेली ही संस्था रीतसर नोंदवलेली, भागधारक असलेली कंपनी होती. दिग्दर्शक ऑस्टेन आणि छायालेखक जोसेफ विर्शिंग हे जर्मन, कथा निरंजन पाल यांच्या, संगीत सरस्वतीदेवी या नावाने वावरणाऱ्या खुर्शीद मिनोचर-होमजी या पारशी विदुषीचे. कलावंत आणि तंत्रज्ञ पगारी होते. कोल्हापूर-पुण्यात प्रभातचे जे वातावरण होते त्याच्याशी याचे काही साम्य आहे. पण प्रभातची मंडळी नाटक, चित्रकला, मूकपट अशी मुरलेली होती, तर बॉम्बे टॉकीजने सुशिक्षित नवख्यांना घेऊन त्यांना कामातूनच घडवायचे धोरण ठेवले होते.

अशोककुमार तिथे प्रयोगशाळेत होते. नट होण्यापूर्वी त्यांना फिल्मवर प्रकाशाचे काय होते, चेहरा धुऊन निघाल्यावर कसा दिसतो, हे ठाऊक झाले होते. त्या काळातले बहुतेक नट कॅमेऱ्याकडे प्रेक्षागृह म्हणून पाहत. या माणसाला ते एक यंत्र म्हणून माहीत होते. तो फरक पुढे फार उपयोगी पडला असे मला वाटते.

पण लगेच नाही. 1936 सालचा 'अछूत कन्या' आज पाहावा. ब्राह्मणाचा मुलगा प्रताप आणि रेल्वे फाटकावरच्या दलित चौकीदाराची मुलगी कस्तुरी यांची ही कथा. देविकाराणी चित्र भरून टाकतात. अशोककुमार मात्र अवघडलेले आहेत. हातांचे काय करावे हे त्यांना कळत नाही. आवाज पातळ आहे. संवाद पाठ केल्यासारखे येतात. झाडापाशी चित्रित झालेले त्यांचे युगुलगीत आजही लोकांच्या ओठांवर आहे, ते मुख्यतः सरस्वतीदेवींच्या शहाणपणामुळे. गाणाऱ्या दोघांनाही गळा बेताचा आहे हे ओळखून त्यांनी चाल इतकी सोपी बांधली, की तो साधेपणाच गोडवा झाला. पहिल्या वर्षातल्या अशोककुमारांच्या 'सहजते'त असा दुसऱ्यांचा वाटा मोठा आहे.

एक गोष्ट मात्र तेव्हाही दिसते. ते ओरडत नाहीत. याचे श्रेय काही अंशी परिस्थितीला द्यावे लागेल. ऑस्टेन यांना हिंदी येत नव्हते. शब्दफेकीवर खूश होणारा दिग्दर्शक समोर नसेल, तर नटाला आवाज चढवून काही मिळत नाही. त्याच्याकडून चेहऱ्याची आणि हालचालीची मागणी होते. त्याच वर्षी पडद्यावर चंद्रमोहन 'अमरज्योती'त भेदक डोळ्यांनी आणि भारदस्त आवाजाने प्रेक्षकांना जिंकत होते. अशोककुमारांना ती वाट बंदच होती.

इथे न्यायाने दोन नावे घ्यायला हवीत. कलकत्त्याला प्रमथेश बरुआ आणि मुंबईत मोतीलाल हे दोघेही याच सुमारास दबक्या, बोलक्या शैलीत काम करत होते. हिंदी पडद्यावरचा नैसर्गिक अभिनय एकट्या अशोककुमारांनी आणला, हे विधान म्हणून टिकत नाही. बरुआंची शैली खिन्न आणि एकांतप्रिय होती. मोतीलालची ऐटबाज आणि शहरी. अशोककुमारांच्या वाट्याला जे आले ते या दोघांपेक्षा अधिक पसरट होते : शेजारच्या घरातला मुलगा वाटावा असा साधेपणा. तो त्यांनी 1936 नंतरच्या चार-पाच वर्षांत कमावला.

लीला चिटणीस आणि डोळ्यांची भाषा

देविकाराणींबरोबरच्या चित्रपटांत अशोककुमार दुय्यमच राहिले. पडद्यावर आणि कंपनीतही त्या मालकीणबाई होत्या. त्यांच्यासमोर हा नोकरदार तरुण मोकळा होणे कठीणच होते. चित्र पालटले ते 1939 सालच्या 'कंगन'पासून. नायिका होत्या लीला चिटणीस. पाठोपाठ 'बंधन' (1940) आणि 'झूला' (1941) आले, आणि ही जोडी देशभर गाजली.

लीलाबाई मूळच्या धारवाडच्या, पदवीधर. 'नाट्यमन्वंतर' या संस्थेच्या वर्तुळातून त्या अभिनयाकडे आल्या. मराठी वाचकाला 'नाट्यमन्वंतर' म्हटले की 1933 सालचे 'आंधळ्यांची शाळा' आठवते. नव्या युरोपीय नाटकाच्या धर्तीवर, पदांचा पसारा टाळून, घरातल्या माणसांनी बोलावे तसे रंगमंचावर बोलण्याचा तो प्रयत्न होता. व्यवसाय म्हणून ती संस्था फार टिकली नाही, त्यामुळे आपल्या नाट्येतिहासात तिची नोंद 'फसलेला पण महत्त्वाचा प्रयोग' अशी होते. तिचे पाणी नंतर कुठे कुठे झिरपले याचा माग मात्र कुणी काढला नाही. लीलाबाईंनी पुढे मास्टर विनायकांच्या 'छाया'त आणि प्रभातच्या 'वहाँ'त कामे केली. म्हणजे बॉम्बे टॉकीजच्या दारात त्या आल्या तेव्हा त्यांच्या गाठीशी रंगभूमीचे नवे संस्कार होते आणि कॅमेऱ्याचा अनुभवही.

डोळ्यांनी बोलायचे कसे, हे आपण लीला चिटणीस यांच्याकडून शिकलो, अशी कबुली अशोककुमारांनी पुढे दिलेली आहे. चरित्रपर लेखांत ती एका ओळीत येते आणि तिथेच संपते. मला ती कळीची वाटते. 'अछूत कन्या'तल्या अशोककुमारांची नजर एक तर समोरच्या पात्रावर खिळलेली असते किंवा कुठेच नसते. 'बंधन' आणि 'झूला'मध्ये ती हलते. वाक्य सुरू होण्याआधी नजर एकदा खाली जाते, मग समोरच्याकडे येते, आणि शब्द त्या नजरेमागून येतात. विचार आधी, वाक्य नंतर. हे साधे तत्त्व आहे. पण पाठ केलेले वाक्य आणि सुचलेले वाक्य यांतला फरक त्यावरच ठरतो. हे तत्त्व 'नाट्यमन्वंतर'च्या मंडळींनी मराठी रंगभूमीवर रुजवू पाहिले होते. ते मालाडमार्गे हिंदी पडद्यावर गेले आणि तिथे एका पुरुष नटाच्या नावाने प्रसिद्ध झाले, असे मी म्हणेन.

लीलाबाईंनी 'चंदेरी दुनियेत' हे आत्मचरित्र 1981 साली मराठीत प्रसिद्ध केले. अशोककुमारांवर लिहिणाऱ्या हिंदी-इंग्रजी लेखकांनी ते वाचलेले दिसत नाही. हे एक वेळ समजू शकते. आपणही ते सिनेमाच्या आठवणींचे पुस्तक म्हणून कपाटात ठेवून दिले आहे.

'किस्मत' : सभ्य चेहऱ्याचा चोर

1940 साली हिमांशू राय वारले. युद्धामुळे जर्मन मंडळी आधीच नजरकैदेत गेली होती. कंपनीत दोन तट पडले. या पडझडीतच 1943 साली ग्यान मुखर्जी यांचा 'किस्मत' आला. कलकत्त्याच्या रॉक्सी चित्रपटगृहात तो तीन वर्षांहून अधिक काळ चालला, आणि हा उच्चांक पुढे काही दशके अबाधित राहिला.

'किस्मत'च्या यशाची कारणे अनेक आहेत. हरवलेला मुलगा शेवटी सापडण्याचे सूत्र, अनिल विश्वास यांचे संगीत, आणि कवी प्रदीप यांचे ते गाणे, ज्यात परक्यांना देशातून दूर व्हायला सांगितले होते. जर्मनी आणि जपानची नावे घेतल्यामुळे ते सेन्सॉरमधून सुटले; चलेजावच्या दुसऱ्याच वर्षी प्रेक्षकांना त्याचा खरा अर्थ कळायला अडचण नव्हती. पण चित्रपट उभा आहे तो नायकावर. शेखर हा सराईत खिसेकापू आहे. तुरुंगातून सुटतो आणि पुन्हा चोरी करतो. त्याला त्याचा पश्चात्ताप नाही. सिगारेट ओढत, खालच्या आवाजात, किंचित थट्टेने तो बोलतो, आणि प्रेक्षक त्याच्या बाजूला जातात.

चंद्रमोहन यांनी हा चोर केला असता तर तो खलनायक झाला असता. सैगल यांनी केला असता तर दुःखी. 'कंगन'-'बंधन'मधला भला मुलगा प्रेक्षकांच्या ओळखीचा होता म्हणून शेखरचा गुन्हा त्यांना पचला. नटाने आधीच्या भूमिकांतून कमावलेला विश्वास पुढच्या भूमिकेत भांडवल म्हणून वापरण्याचे हिंदी चित्रपटातले हे एक ठळक आरंभीचे उदाहरण. अशोककुमारांची पुढची सारी वाटचाल या भांडवलावर झाली आहे.

आणखी एक नोंद. 'जीवन नैया'पासून आपली गाणी स्वतः म्हणणाऱ्या अशोककुमारांसाठी 'किस्मत'मध्ये अरुणकुमार यांचा आवाज वापरला आहे. पार्श्वगायन रुळले आणि गळा ही नटाची अट उरली नाही. मग नटाने गाण्याच्या वेळी करायचे काय? याचे उत्तर 1949च्या 'महल'मध्ये दिसते. कमाल अमरोही यांच्या या चित्रपटातली सगळी गाणी स्त्रियांच्या आवाजात आहेत. रिकाम्या हवेलीत लता मंगेशकरांचा आवाज घुमतो आणि हरिशंकर तो ऐकत, शोधत फिरतो. विर्शिंग यांच्या छायाप्रकाशात अशोककुमारांना जवळपास काहीच बोलायचे नाही. ते फक्त ऐकतात. आपल्याकडे गाणाऱ्या नटांवर भरपूर लिहिले गेले. ऐकणाऱ्या नटाचे कौशल्य मोजायला आपल्याकडे शब्दच नाहीत. 'महल'मधले भय प्रेक्षकांपर्यंत पोहोचते ते या ऐकणाऱ्या चेहऱ्यावरून.

'दीदार'ची साक्ष

लोकप्रियता कुठवर पोहोचली होती, याची एक साक्ष सआदत हसन मंटो यांनी दिली आहे. फिल्मिस्तानच्या दिवसांत दोघांचा स्नेह जमला होता. 'गंजे फ़रिश्ते'मधल्या व्यक्तिचित्रात मंटो दंगलीच्या काळातला प्रसंग सांगतात. अशोककुमार गाडीतून त्यांना घरी सोडायला निघाले आणि मुस्लिम वस्तीत शिरले. मंटो घाबरले, हिंदू नट, वेळ वाईट. गाडी अडवली गेली. पण लोकांनी अशोककुमारांना ओळखले आणि आपुलकीने बरोबर रस्ता दाखवून पुढे पाठवले. शेखरवर त्या लोकांनी आपला माणूस म्हणून जीव लावला होता.

कलेच्या अंगाने मात्र मला 1951चा 'दीदार' अधिक बोलका वाटतो. नितीन बोस यांच्या या चित्रपटात अशोककुमार आणि दिलीपकुमार समोरासमोर आहेत. दिलीपकुमारांचा शामू आंधळा आहे. अशोककुमारांचा डॉक्टर त्याला दृष्टी देतो. आणि बालपणीची आपली मैत्रीण याच डॉक्टरच्या प्रेमात आहे हे त्या दृष्टीने पाहावे लागल्यावर शामू पुन्हा आंधळेपण पत्करतो. कथेचे सारे वजन शामूकडे आहे. दिलीपकुमार वाक्य अर्ध्यावर सोडतात, आवाज कुजबुजीपर्यंत नेतात, विरामांनी प्रेक्षकाला ताणून धरतात. अशोककुमार यातले काही करत नाहीत. ते प्रसंगाला जेवढे लागते तेवढे देतात आणि बाजूला सरतात.

दिलीपकुमारांचे पहिले चित्रपट बॉम्बे टॉकीजचेच, आणि अशोककुमारांच्या सल्ल्याचे ऋण त्यांनी मानलेले आहे. पण त्यांनी त्या शैलीचे एका आविष्कारात रूपांतर केले, प्रेक्षकाच्या नजरेत भरणाऱ्या. म्हणून अनुकरण झाले ते दिलीपकुमारांचे. अशोककुमारांची नक्कल करणाऱ्यांनी उचलली ती उत्तरायुष्यातली सिगारेट आणि अडखळती लकब. मधल्या काळातले त्यांचे उत्तम काम नकलेत सापडत नाही, कारण त्यात लकबी जवळपास नाहीत.

वय आणि विश्वास

याच 1951 साली 'आवारा' आला. त्यात राज कपूरच्या आईची भूमिका लीला चिटणीस यांनी केली. त्याआधी 1948च्या 'शहीद'मध्ये त्या दिलीपकुमारांची आई झाल्या होत्या; दोघांच्या वयात जेमतेम बारा-तेरा वर्षांचे अंतर. 1941 साली लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकलेल्या या नायिकेला दहा वर्षांत पांढरे केस लावावे लागले. त्यांच्याच वयाच्या आसपासचे अशोककुमार 'दीदार'मध्ये, 'अफसाना'मध्ये नायक होते; 1958च्या 'हावडा ब्रिज'मध्ये त्यांच्या नायिका मधुबाला होत्या, त्यांच्यापेक्षा बावीस वर्षांनी लहान. शिकवणारी आई झाली आणि शिकणारा नायक राहिला. यात अशोककुमारांचा दोष नाही. पण त्यांच्या दीर्घ कारकिर्दीचे श्रेय केवळ गुणवत्तेला देताना, ही सवलत कुणाला मिळाली आणि कुणाला नाही, हे नोंदवले पाहिजे.

ही सवलत त्यांनी वाया घालवली नाही, हेही खरे. वय लपवण्याऐवजी त्यांनी ते भूमिकेत आणले. 'गुमराह' (1963) मध्ये ते मृत पत्नीच्या बहिणीशी, मुलांसाठी लग्न केलेले बॅरिस्टर आहेत. पत्नी आपल्या पूर्वीच्या प्रियकराला भेटते आहे. फसवला गेलेला नवरा हा हिंदी पडद्यावर एक तर हास्यास्पद किंवा क्रूर. अशोककुमारांनी त्याला घरातला समंजस, थकलेला माणूस केले. त्याच वर्षीच्या 'बंदिनी'त बिमल रॉय यांनी त्यांच्या वयावर सारा शेवट तोलला आहे. तरुण, उमद्या डॉक्टरशी लग्नाची वाट मोकळी असताना नूतन धक्क्यावर आजारी विकासबाबूंकडे धावते. त्या क्षणी प्रेक्षकाने तिला वेडी म्हणू नये यासाठी अशोककुमारांकडे संवाद फारसे नाहीत; आहे तो एक खंगलेला चेहरा. मला तो निर्णय पटतो, आणि तो चेहरा दुसऱ्या कुणाचा असता तर पटला असता असे वाटत नाही.

कमावलेल्या विश्वासाचा सर्वांत धूर्त वापर केला तो विजय आनंद यांनी, 'ज्वेल थीफ'मध्ये (1967). तीस वर्षे भल्या माणसाचा चेहरा पाहिलेल्या प्रेक्षकाला संशय कुणावरही येतो, अशोककुमारांवर येत नाही. रहस्य त्यावरच टिकते. बी. आर. चोप्रा यांनी 1960च्या 'कानून'मध्ये, एकही गाणे नसलेल्या त्या चित्रपटात, हेच उलटे केले होते : न्यायाधीशाच्या प्रतिष्ठित चेहऱ्यावर खुनाचा संशय टाकून.

1968च्या 'आशीर्वाद'साठी त्यांना अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हृषिकेश मुखर्जींच्या या चित्रपटाचे संगीत प्रभातच्या परंपरेतले वसंत देसाई यांचे. मुलांना घेऊन म्हटलेले आगगाडीचे ते झपाट्याचे गाणे अशोककुमारांनी स्वतः म्हटले आहे. गळ्याच्या मर्यादेला न लाजता, बोलणे आणि गाणे यांच्या सीमेवर. सरस्वतीदेवींनी बत्तीस वर्षांपूर्वी त्यांच्यासाठी जी युक्ती योजली तिचीच ही दुसरी आवृत्ती म्हणावी लागेल.

उतार आणि हिशेब

सत्तरच्या दशकातले सारे काम स्तुतीचे नाही. गाऊन घातलेले, सिगारेट किंवा पाइप ओढणारे श्रीमंत वडील त्यांनी इतक्यांदा केले, की चित्रपटाचे नाव सांगितले तरी भूमिका आठवत नाही. या काळात ते पुष्कळदा प्रसंगात हजर असतात, काम करत नसतात. 'सहज' या विशेषणाने ही हजेरीही झाकली गेली. नट जन्मजात सहज असेल तर त्याचा आळस आणि त्याची मेहनत यांत फरक कसा करणार? अपघाताच्या कथेने केलेले हे दुसरे नुकसान.

मात्र चांगला लेखक-दिग्दर्शक मिळाला की ते जागे होत. बासू चटर्जींच्या 'छोटी सी बात'मध्ये (1976) ते खंडाळ्याला राहणारे, भित्र्या तरुणांना आत्मविश्वास शिकवणारे कर्नल आहेत. समोर अमोल पालेकर : मराठी प्रायोगिक रंगभूमीवरून आलेला, पडद्यावर दबक्या आवाजात बोलणारा नवा नायक. दोघांच्या प्रसंगांत विनोद आहे तो या शांत तोलामुळे. कुणीच कुणावर कुरघोडी करत नाही. 1984 साली दूरदर्शनवर 'हम लोग' सुरू झाली आणि प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार प्रेक्षकांशी बोलू लागले. कॅमेऱ्याकडे थेट पाहून बोलणे ही नटाची अवघड परीक्षा. त्यांना ती अवघड गेली नाही. डोळ्यांनी आधी आणि शब्दांनी नंतर बोलण्याची सवय 'कंगन'पासूनची होती. 1988 साली त्यांना दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. 10 डिसेंबर 2001 रोजी मुंबईत ते वारले. लीला चिटणीस दोन वर्षांनी अमेरिकेत, कनेक्टिकटमध्ये गेल्या.

या लेखाने अशोककुमारांचे मोठेपण कमी होते असे मला वाटत नाही. नशिबाने नट झालेल्या माणसापेक्षा, अवघडलेल्या प्रतापपासून 'महल'मधल्या ऐकणाऱ्या हरिशंकरपर्यंत तेरा वर्षांत स्वतःला घडवणारा माणूस मोठा आहे. ज्यांच्याकडून तो शिकला त्यांची नावे त्याच्या नावाशेजारी लिहिली गेली पाहिजेत, एवढीच मागणी. सरस्वतीदेवींच्या चाली, विर्शिंगचा प्रकाश आणि लीला चिटणीस यांची नजर यांच्याविना ही 'सहजता' उभी राहिली नसती. 'नाट्यमन्वंतर'वर मराठीत पुढे कुणी लिहील, तेव्हा त्याने रंगमंचावरच्या प्रयोगांपाशी न थांबता 'बंधन' आणि 'झूला'ही पाहावेत. त्या प्रयोगाचे काय झाले याची काही उत्तरे तिथे आहेत.